अनलॉक्ड फोन आहे तरी अपडेट अडलंय आणि व्होल्टी (४जी वरून होणारे कॉल) पण चालत नाही. जबाबदारी नक्की कोणाची?

कोरीपाटी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब होणार आहे, पण एकदाच सगळं सांगते म्हणजे तुम्हाला परत परत विचारावं लागणार नाही.

मी मुद्दाम पूर्ण पैसे मोजून अनलॉक्ड, म्हणजे कुठल्याच नेटवर्कला न बांधलेला फोन घेतला. नेटवर्ककडून हप्त्यावर घेतला असता तर स्वस्तात पडला असता, पण त्यांची काढता न येणारी ॲप्स, फोन सुरू करताना त्यांचाच लोगो, आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय अपडेट नाही, हे सगळं आधीच्या फोनवर भोगून झालं होतं. म्हटलं आता मधे कोणी नकोच, कंपनीने अपडेट काढलं की थेट माझ्या फोनवर.

झालंय नेमकं उलटं. माझ्या बहिणीकडे तोच फोन आहे, त्याच कंपनीचा, त्याच नावाचा, फक्त तिने तो नेटवर्ककडून घेतलाय. तिला नवीन अँड्रॉइड येऊन बरेच दिवस झाले, त्यावर सुरक्षेच्या दुरुस्तीचे दोन पॅचही आले. माझ्याकडे सेटिंगमध्ये जाऊन अपडेट तपासलं की थोडा वेळ गोल फिरतं आणि तुमचं सॉफ्टवेअर अद्ययावत आहे असं येतं, आणि त्याच पानावर खाली सिक्युरिटी पॅचची तारीख दिसते ती कितीतरी महिन्यांपूर्वीची. मग अद्ययावत म्हणजे काय?

दुसरा त्रास कॉलचा. आमचं दोघींचं नेटवर्क एकच. तिचं सिम तिच्या फोनमध्ये असलं की कॉल ४जी वर जातो, वायफाय कॉलिंगही, म्हणजे रेंज नसताना वायफायवरून कॉल, चालतं. माझ्या फोनमध्ये कॉल लावला की वर ४जी जाऊन ३जी येतं, नेट बंद पडतं, कॉल संपला की परत ४जी. वायफाय कॉलिंगचं बटण तर सेटिंगमध्ये दिसतच नाही, बंद नाहीये, नाहीच आहे. आमच्या घरात आतल्या खोल्यांत रेंज येत नाही त्यामुळे मला त्याची खरंच गरज आहे. आणि नेटवर्कचे मेसेज येतायत की ३जी बंद होणार, तेव्हा माझे कॉल कसे लागणार?

कंपनीला विचारलं तर म्हणतात नेटवर्कशी बोला, नेटवर्कवाले म्हणतात फोन आमच्याकडून घेतलेला नाही, कंपनीशी बोला. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी अशी गत आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण वाचल्यावर लक्षात आलं की हा प्रकार एकाच कंपनीचा नाही.

तर अनलॉक्ड फोनला अपडेट उशिरा का, व्होल्टी नक्की कोण सुरू करून देतं, आणि मी कोणाचा पिच्छा पुरवायचा, एवढं कोणी समजावून सांगेल का?

पायरीवरचा

राग रास्त आहे. जाणकार मंडळी येतीलच, तोवर एवढं बघून इथे लिहा म्हणजे अंदाजावर चर्चा नको. दोन्ही फोनचा पूर्ण मॉडेल नंबर, शेवटच्या अक्षरांसकट. डब्यावरचं नाव नाही, सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' मध्ये असतो तो. दोन्हीचा बिल्ड नंबर. आणि *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक येतो, त्याचे पहिले ८ आकडे दोन्ही फोनचे सारखे आहेत का ते बघा. आयएमईआय इथे टाकू नका, कुठेच टाकू नका, फक्त सारखे आहेत की नाहीत एवढंच सांगा.

शिवाय डायलरमध्ये *#*#४६३६#*#* टाकून बघा, बऱ्याच अँड्रॉइडवर एक माहितीचं पान उघडतं, त्यात आयएमएस स्टेटस म्हणून काहीतरी असतं, तिथे रजिस्टर्ड लिहिलंय का नॉट रजिस्टर्ड ते कळवा.

बिनतारी

ताई, तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत आणि सगळे लोक त्यांची सरमिसळ करतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फोनमध्ये नेटवर्कचा हात तीन ठिकाणी असतो. पहिला सिम लॉक. फोनचा मोडेम, म्हणजे नेटवर्कशी बोलणारा भाग, सिमवरचा देशाचा आणि नेटवर्कचा कोड वाचतो आणि आपल्या परवानगीच्या यादीत नसेल तर सिम नाकारतो. तुमचा फोन अनलॉक्ड म्हणजे फक्त हे कुलूप नाही. दुसरी गोष्ट सॉफ्टवेअरची आवृत्ती, म्हणजे फर्मवेअर. एकाच फोनच्या पाच-पन्नास आवृत्त्या असतात, देशागणिक, नेटवर्कगणिक, आणि अपडेट पाठवणारा सर्व्हर तुमचा सिम बघत नाही, तो बघतो तुमच्या फोनवर कुठली आवृत्ती आहे. तिसरी गोष्ट व्होल्टी आणि वायफाय कॉलिंगची परवानगी, ती तर फोनमध्ये अर्धी आणि नेटवर्कच्या सर्व्हरवर अर्धी. पहिलं कुलूप नसलं म्हणून बाकीच्या दोन गोष्टी आपोआप मोकळ्या होत नाहीत, आणि विकताना हे कोणीच सांगत नाही, याचा मला खरा संताप आहे.

आता अपडेट. गूगल दर महिन्याला सिक्युरिटी बुलेटिन, म्हणजे अँड्रॉइडमधल्या सुरक्षेच्या भोकांची यादी काढतं, २०१५ च्या ऑगस्टपासून, स्टेजफ्राइट नावाचं मोठं भोक सापडलं तेव्हापासून. तिथून पॅच चिप बनवणाऱ्याकडे आणि फोन कंपनीकडे जातो, कंपनी तो आपल्या प्रत्येक आवृत्तीत घालते, मग नेटवर्कची आवृत्ती असेल तर नेटवर्क तपासतं. लोकांना वाटतं नेटवर्क गेलं की ही शेवटची पायरी गेली आणि वेळ वाचला. पण अनलॉक्ड आवृत्ती एकाच नेटवर्कसाठी नसते, ती सगळ्या नेटवर्कांवर चालली पाहिजे, म्हणजे तपासणी कमी नाही तर जास्त. आणि नेटवर्कच्या आवृत्तीमागे एक मोठा गिऱ्हाईक उभा असतो जो लाखो फोन विकत घेतो आणि कंपनीला विचारतो अपडेट कुठाय. अनलॉक्डवाल्यांच्या मागे कोण उभं आहे? आपण सुटे सुटे. म्हणून रांगेत आपण मागे.

हे आजचं नाही. २०११ च्या शेवटी गॅलक्सी नेक्सस आला, गूगलचा स्वतःचा फोन, लोकांनी अनलॉक्ड म्हणून आनंदाने घेतला आणि मग कळलं की काही फोनांवर यकजू नावाची बिल्ड आहे तिला गूगल थेट अपडेट देतं, आणि काहींवर यकजूयूएक्स, यकजूएक्सडब्ल्यू अशी शेपटं लावलेल्या बिल्ड आहेत त्यांना सॅमसंग देतं, आठवड्यांनी नाहीतर महिन्यांनी. फोन तोच, हार्डवेअर तेच, बाहेरून काहीही फरक नाही. घोडं तिथे पेंड खात होतं आणि आजही तिथेच खातंय.

मोटोरोलाच्या फोनवर सेटिंगमध्ये सॉफ्टवेअर चॅनल म्हणून ओळ असते, रेट आणि पुढे देशाची अक्षरं. सॅमसंगवर सर्व्हिस प्रोव्हायडर सॉफ्टवेअरच्या ओळीत तीन-तीन अक्षरांचे कोड तिरक्या रेघांनी तोडून दिलेले असतात, त्यातला पहिला चालू असलेला. तुमचा फोन कुठलाही असो, असला काहीतरी कोड त्यात असणार, आणि कंपनीशी बोलताना फोनचं नाव सांगण्यापेक्षा तो कोड सांगा. अपडेट त्या कोडला येतं.

व्होल्टीचं वेगळ्या प्रतिसादात लिहितो, हा फार मोठा झाला.

सरळरेघ

माझं मत जरा वेगळं आहे आणि ते मांडतो, कोणी अंगावर येऊ नका.

नेटवर्क तपासतं म्हणजे उगाच अडवतं असं सगळे गृहीत धरतात. मी या तपासणीच्या कामाजवळून गेलोय म्हणून सांगतो, त्यात बऱ्याच गोष्टी अशा असतात की ज्या चुकल्या तर माणसाचा जीव जाऊ शकतो. आणीबाणीचा कॉल हे सगळ्यात मोठं. ऑस्ट्रेलियात २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ३जी बंद केलं तेव्हा काय निघालं? काही फोन असे की रोजचे कॉल ४जी वर व्यवस्थित लागतात, पण ००० हा आणीबाणीचा नंबर लावला की फोन मुद्दाम ३जी शोधतो, कारण आत तसंच लिहून ठेवलंय. ३जी नसेल तर कॉल नाही. मालकाला हे कधीच कळलं नसतं, ज्या दिवशी गरज पडेल त्याच दिवशी कळलं असतं. तिथल्या सरकारने नेटवर्कांना सांगितलं की असे फोन चालू ठेवायचेच नाहीत, बंद करा. त्यात परदेशातून आणलेले फोन बरेच होते, म्हणजे त्या नेटवर्कने कधीच न तपासलेले.

म्हणून माझं म्हणणं, ज्याला फोनमधलं फार कळत नाही, ज्याच्या घरी म्हातारी माणसं आहेत, त्याने नेटवर्कने तपासलेला फोन घेण्यात काही कमीपणा नाही. ॲप्स चार जास्त येतील, ती बंद करून ठेवता येतात. कॉल लागणं महत्त्वाचं.

बिनतारी

सरळरेघ, ऑस्ट्रेलियाचं उदाहरण एकदम योग्य, त्यावर काही वाद नाही. पण त्यातून निघणारा अर्थ मी वेगळा काढतो. तपासणी हवीच. ती नेटवर्कने विकलेल्याच फोनची का व्हावी? फोन माझ्या नेटवर्कवर चालणार, बिल मी भरणार, मग माझा फोन तपासण्यात त्यांना रस का नाही? आणि तपासून झाल्यावर निकाल लोकांना वाचता येईल असा का ठेवत नाहीत?

अमेरिकेत एटी अँड टीने २०२२ च्या फेब्रुवारीत ३जी बंद केलं, त्याआधी त्यांनी चालणाऱ्या फोनांची यादी काढली. यादीत नसलेले कित्येक अनलॉक्ड फोन असे होते की ज्यांना व्होल्टी येत होतं, हार्डवेअर होतं, बँड जुळत होते, सगळं होतं, फक्त नाव यादीत नव्हतं. त्यांचे कॉल गेले. इथे तपासून नापास झाला असं नाही, तपासलाच नाही. हे दोन वेगळे आहेत आणि नेटवर्क ते मुद्दाम एकत्र करतात.

आता ताईंच्या व्होल्टीकडे. ४जी वर मुळात आवाजाच्या कॉलची वेगळी सोय नाहीये, सगळं डेटाच आहे. आवाज पाठवायला फोनला आयएमएस नावाच्या सर्व्हरकडे नोंदणी करावी लागते. त्याचं प्रमाणित स्वरूप जगभर ठरलेलं आहे, पण प्रत्येक नेटवर्कने त्यात आपापली मीठ-मिरची घातलीय, टायमर वेगळे, नोंदणीची पद्धत वेगळी, आणीबाणीच्या कॉलचा रस्ता वेगळा. म्हणून फोनमध्ये प्रत्येक नेटवर्कची एक छोटी फाइल लागते. क्वालकॉमच्या मोडेममध्ये तिला एमबीएन म्हणतात, अँड्रॉइडचीही वरून एक कॅरिअर कॉन्फिग असते. तुमच्या आवृत्तीत तुमच्या नेटवर्कची फाइल नसेल तर बटण दिसतच नाही, तुम्ही लिहिलंय तसं, बंद नाही तर नाहीच.

फाइल असली तरी दुसरी अडचण नेटवर्कच्या बाजूला. ते आयएमईआयचे पहिले ८ आकडे बघतात, त्याला टॅक म्हणतात, त्यावरून मॉडेल ओळखतात. बहिणीच्या आणि तुमच्या फोनचं नाव एक असलं तरी आवृत्ती वेगळी असेल तर टॅकही वेगळा असू शकतो. त्यांच्या यादीत तिचा टॅक आहे, तुमचा नाही, संपलं. पायरीवरचा यांनी ८ आकडे म्हणूनच विचारलेत.

कोरीपाटी

बापरे, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार.

बहीण आली होती, दोन्ही फोन शेजारी ठेवून बघितले. मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत सारखा, शेवटचं अक्षर वेगळं. बिल्ड नंबर तर मधूनच वेगळा होत जातो. आयएमईआयचे पहिले आकडे सारखे आहेत असं आधी वाटलं, मग एकेक आकडा बोट ठेवून वाचला तर आठवा आकडा वेगळा निघाला. एक आकडा! त्याच्यावरून माझा फोन त्यांच्या लेखी अनोळखी आहे.

*#*#४६३६#*#* चं पान दोन्हीकडे उघडलं. तिच्याकडे आयएमएस रजिस्टर्ड, व्हॉइस ओव्हर एलटीई अव्हेलेबल, वायफाय कॉलिंग अव्हेलेबल. माझ्याकडे नॉट रजिस्टर्ड आणि खाली सगळं अनअव्हेलेबल. मग तिचं सिम माझ्या फोनमध्ये घातलं, माझं तिच्यात. माझ्या सिमवर तिच्या फोनमध्ये सगळं चालू झालं. म्हणजे खातं, सिम, प्लॅन यातलं काही नाही, फोनच ओळखत नाहीत.

सरळरेघ, तुमचं म्हणणं पटतं, आणि म्हणूनच जास्त त्रास होतो. उद्या ३जी गेल्यावर माझ्या फोनवरून आणीबाणीचा कॉल लागेल का हे मला सांगणारं कोणीच नाही. करून बघायचा तर तो नंबर करून बघण्यासाठी नसतो.

सरळरेघ

आणीबाणीचा नंबर चाचणी म्हणून अजिबात लावू नका, हे बरोबर केलंत. नेटवर्कला लेखी विचारा, तो प्रश्न त्यांना टाळता येत नाही. साध्या तक्रारीला 'फोन आमचा नाही' हे उत्तर चालतं, पण आणीबाणीच्या कॉलबद्दल त्यांच्यावर बहुतेक ठिकाणी कायद्याने जबाबदारी असते, त्यामुळे असं पत्र ग्राहक सेवेच्या टेबलावर पडून राहत नाही, वर जातं.

चांदणीबार

आयफोनबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. २००७ मध्ये पहिला आयफोन आला तो अमेरिकेत एकाच नेटवर्कला बांधलेला होता, कुलूपबंद, पण ॲपलने अपडेटचा ताबा मात्र पहिल्यापासून स्वतःकडे ठेवला. त्यामुळे नेटवर्ककडून घ्या नाहीतर कुठूनही घ्या, आयओएस सगळ्यांना एकाच दिवशी येतं. नेटवर्कच्या सेटिंगची फाइल वेगळी येते, अधूनमधून कॅरिअर सेटिंग्ज अपडेट करा असा एक चौकोन येतो ना, तीच. म्हणजे नेटवर्कला काही बदलायचं असेल तर त्यासाठी अख्खं अपडेट अडवावं लागत नाही. हे अँड्रॉइडवाल्यांना इतक्या वर्षांत का जमू नये?

पण इथेही सगळं गोड नाही. नेटवर्कचा ॲपलशी करार नसेल तर वायफाय कॉलिंग, ५जी या गोष्टी आयफोनवरही दिसत नाहीत. माझं आधीचं नेटवर्क असंच छोटं होतं, तिथे मला वायफाय कॉलिंग कधीच मिळालं नाही.

आणि वापरलेला आयफोन घेणाऱ्यांनी सेटिंग, जनरल, अबाउट मध्ये कॅरिअर लॉकसमोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असं लिहिलंय का हे स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. सिमच्या ट्रेमध्ये सिमखाली एक कागदासारखी पातळ चिप बसवून फोन अनलॉक्ड म्हणून विकतात. ती सिमची ओळख खोटी सांगते म्हणून फोन चालतो, आणि पुढचं आयओएस टाकलं की 'सिम चालत नाही' म्हणून बंद. मग तो माणूस फोन उचलत नाही. आयफोनचं खरं कुलूप ॲपलच्या सर्व्हरवर आयएमईआयपुढे नोंदवलेलं असतं, ते चिपने निघत नाही. ट्रे बाहेर काढून सिमच्या मागची बाजू बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

बिनतारी

चांदणीबार, छान माहिती. अँड्रॉइडला का जमलं नाही याचं उत्तर अर्धं जमलंय असं आहे. २०१७ ला अँड्रॉइड ८ बरोबर ट्रेबल आलं, त्यात चिपवाल्यांचा भाग आणि अँड्रॉइडचा भाग वेगळे केले, म्हणजे प्रत्येक वेळी चिपवाल्याकडे जायला नको. मग २०१९ ला अँड्रॉइड १० मध्ये मेनलाइन आलं, त्यात सिस्टीमचे काही तुकडे प्लेस्टोअरमार्फत थेट गूगल बदलतं, कंपनी नाही, नेटवर्क नाही. सेटिंगमध्ये गूगल प्ले सिस्टीम अपडेट म्हणून वेगळी तारीख दिसते ती हीच. कोरीपाटी, ती तारीख तुमच्याकडे नवीन असेल, बघा. ते हाताने दाबून रीस्टार्ट करावं लागतं, बरेच लोक करत नाहीत.

पण कर्नल (सिस्टीमचा गाभा), मोडेम, चिपचे ड्रायव्हर हे त्यात येत नाहीत, आणि खरी भीती तिथेच आहे. पॅचच्या तारखेत शेवटी ०१ असेल तर बुलेटिनमधला अँड्रॉइडचाच भाग आला, ०५ असेल तर कर्नल आणि चिपवाल्यांचाही आला, एवढा फरक त्या दोन आकड्यांत असतो. २०२३ च्या मार्चमध्ये गूगलच्याच प्रोजेक्ट झीरो या भोकं शोधणाऱ्या टीमने सांगितलं की सॅमसंगच्या एक्सिनोस मोडेममध्ये अशी भोकं आहेत की हल्लेखोराला फक्त तुमचा फोन नंबर माहीत असला तरी पुरे, तुम्ही काहीही दाबायची गरज नाही. पॅच येईपर्यंत उपाय काय सांगितला? व्होल्टी आणि वायफाय कॉलिंग बंद ठेवा. म्हणजे बघा, पॅच कोणाच्या हातात आहे ते तुम्हाला माहीत नाही, आणि ज्या गोष्टी बंद करायला सांगतात त्यांचं बटण दाखवायचं की नाही हे नेटवर्क ठरवणार. फोन मात्र तुमचा.

पॅच उशिरा येणं म्हणजे नवीन इमोजी उशिरा येणं नव्हे, एवढंच मला सांगायचंय.

पायरीवरचा

कोणी सुचवायच्या आत सांगून ठेवतो, बहिणीच्या फोनची आवृत्ती आपल्या फोनवर हाताने टाकू नका. शेवटचं अक्षर वेगळं म्हणजे मोडेमचा भाग वेगळा असू शकतो, नेटवर्कच जायचं. शिवाय अँटी रोलबॅक असतो, पुढची आवृत्ती एकदा बसली की मागे येता येत नाही. बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना सिस्टीम चालू करणारा भाग, उघडला तर फोनमधला सगळा डेटा जातो आणि बँकेची ॲप्सही कटकट करतात. कंपनीचं कॉम्प्युटरवरचं अधिकृत सॉफ्टवेअर असेल तर केबल लावून त्यातून तपासा, कधीकधी फोनवर थेट हवेतून यायच्या आधी तिथे मिळतं. पण तेही तुमच्याच कोडचं देणार, दुसऱ्याचं नाही.

सरळरेघ

कायद्याबद्दलही थोडं, कारण हे सगळं कायद्यानेच हललंय. अमेरिकेत २०१३ च्या जानेवारीपासून नवीन फोन नेटवर्कला न विचारता अनलॉक करणं हाच कॉपीराइटच्या कायद्याने गुन्हा झाला होता. लोकांनी व्हाइट हाउसकडे अर्ज केला, एक लाखाच्या वर सह्या झाल्या, आणि २०१४ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून ती मुभा परत द्यावी लागली. कॅनडात २०१७ च्या डिसेंबरपासून आणि ब्रिटनमध्ये २०२१ च्या डिसेंबरपासून कुलूपबंद फोन विकायलाच बंदी आहे. पण हे सगळे कायदे बिनतारींनी सांगितलेल्या पहिल्या कुलपाचे.

दुसऱ्याला आता कुठे हात लागलाय. युरोपियन युनियनने २०२५ च्या २० जूनपासून नियम लावलाय, मॉडेलची विक्री थांबल्यावरही निदान ५ वर्षं अपडेट मिळत राहिले पाहिजेत, आणि सिक्युरिटीचा पॅच मूळ सिस्टीमवाल्याने काढल्यापासून ४ महिन्यांच्या आत गिऱ्हाइकाला मिळाला पाहिजे. ४ महिने मला तरी जास्तच वाटतात, पण निदान मोजायला काहीतरी आकडा आला. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलक्सी एस२४ पासून ७ वर्षांचं आश्वासन दिलंय. त्यात किती वर्षं ते आहे, प्रत्येक पॅच किती दिवसांत ते नाही. तिसऱ्या गोष्टीवर, म्हणजे तपासलेल्या फोनांची यादी उघड करा आणि कोणाचाही फोन तपासून घेता येईल अशी सोय ठेवा, यावर मात्र मला कुठेच नीट नियम दिसत नाही. इथे मी बिनतारींच्या बाजूने आहे.

कोरीपाटी

थोडं पुढे सरकलंय म्हणून लिहिते. नेटवर्कला टॅकचा आकडा देऊन आणि आणीबाणीच्या कॉलचा प्रश्न विचारून लेखी तक्रार केली. पहिल्यांदा नेहमीचं उत्तर आलं, मग तांत्रिक विभागातून एका बाईंचा फोन आला, त्यांनी टॅक परत विचारून घेतला आणि सरळ सांगितलं की तुमची आवृत्ती आमच्याकडे तपासायला आलेलीच नाही, ती कंपनीने पाठवायची असते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी स्पष्ट बोललं. त्यांनी माझ्या नंबरवर काहीतरी केलं, फोन बंद करून चालू करायला सांगितला, आणि व्होल्टी सुरू झालं! कॉल चालू असताना ४जी तसंच राहतं. ही कायमची सोय नाही असंही त्यांनीच सांगितलं, यादीत आवृत्ती येईपर्यंत कधीही जाऊ शकते. वायफाय कॉलिंगचं बटण अजून नाही, म्हणजे फोनमधली फाइलच नाही, ती अपडेटमधूनच येणार.

प्ले सिस्टीम अपडेट बघितलं, खरंच वेगळी आणि नवीन तारीख आहे, आणि एक रीस्टार्ट बाकी होता तो केला. पॅचची तारीख ०१ नेच संपते.

आता कंपनीला हे पाठवतेय. अजून कोणाची अनलॉक्ड आवृत्ती अशीच अडली असेल तर आपला कोड घालून वापरा:

"माझ्या फोनचा मॉडेल नंबर, बिल्ड नंबर आणि टॅक सोबत दिले आहेत. याच मॉडेलच्या नेटवर्ककडून विकल्या गेलेल्या आवृत्तीला नवीन अँड्रॉइड आणि त्यानंतरचे पॅच मिळालेले आहेत, माझ्या आवृत्तीला मिळालेले नाहीत. माझ्या नेटवर्कने कळवले आहे की ही आवृत्ती आपण त्यांच्याकडे तपासणीसाठी दिलेली नाही. कृपया तीन गोष्टी लेखी कळवाव्यात. ही आवृत्ती तपासणीसाठी कधी देणार. या आवृत्तीला पुढचा सिक्युरिटी पॅच कोणत्या महिन्यात मिळणार. आणि ३जी बंद झाल्यावर या आवृत्तीवरून आणीबाणीचा कॉल ४जी वर लागतो याची आपण खात्री देता का. 'नेटवर्कशी संपर्क साधा' हे उत्तर मला आधी मिळालेले आहे, नेटवर्कशी संपर्क साधूनच हे पत्र लिहीत आहे."